मागची खोली जयसिंगला, तहहयात

मी ज्योतीराम केरबा गलांडे, वय त्र्याहत्तर, शिक्षण सातवी, पूर्वीचा धंदा टर्नर, राहणार मोशी, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला कालच आणून सोबत जोडला आहे, कारण माझ्या मागे मुलगा रविराज म्हणेल की म्हाताऱ्याला कळत नव्हतं. मला कळतं. गॅसचं बटण मी दोनदा बघतो ते विसरतो म्हणून नव्हे, काळजी वाटते म्हणून. मला कोणी धमकावलेलं नाही की काही पाजलेलं नाही. यापूर्वी काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं. लिहिलेलं नाही, पण वकील म्हणाले, घालावं.

१. बँकेत जी शिल्लक निघेल ती रविराज आणि मुलगी मिनल यांनी निम्मी निम्मी घ्यावी. माझी पत्नी कस्तुरा वारली आहे. तिची बोरमाळ मिनलची. सांगवीला नेताना बसमध्ये पिशवीत वरवर ठेवू नये.

२. माझा मायक्रोमीटर धम्मरत्न सोनकांबळे याला द्यायचा होता. पण तो या कागदाचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला असं काही देता येतं की नाही यावर दोन वकिलांचं एकमत होईना, म्हणून मी तो आधीच त्याच्या हातात दिला. रविराजने मागायला जाऊ नये.

३. गुंठेवारीची ही जागा माझ्या स्वतःच्या कमाईची आहे. घर रविराजला. टाकी भरली की मोटर हाताने बंद करावी लागते, ती आपोआप बंद होत नाही.

४. मागची खोली. हे कलम उद्या कोर्टात कोणी वाचलं तर त्याला समजावं म्हणून थोडं मागचं लिहितो.

जयसिंग काशीद माझ्या शेजारच्या लेथवर होता. तेव्हाची युनियन मालकाच्या खिशातली. करार हॉटेलात व्हायचा आणि आम्हाला नोटीस बोर्डावर कळायचा. जयसिंगने एक दिवस कॅन्टीनचं ताट परत केलं आणि मशीनशेजारी बसून घरची भाकरी खाल्ली. थोड्याच दिवसांत सगळं खातं तसं जेवू लागलं. मग संप झाला. गेटवर बायका येऊन बसल्या, त्यात कस्तुरा पहिली. जुने पुढारी मागच्या दाराने निघून गेले आणि गेटवर जयसिंगच्या नावाचा फलक लागला. इकडे फलक लागला म्हणजे राज्य आलं. गुलाल, हलगी, पेढे. पुढे भोसरीपासून चाकणपर्यंत एकेका गेटवर त्याचे फलक लागत गेले. पोलीससुद्धा त्याला साहेब म्हणत. हे घर त्याने केलेल्या करारांच्या पगारावर उभं आहे, हे रविराजने ध्यानात घ्यावं.

मग एका द्वारसभेत कोणीतरी सुचवलं की जयसिंगला तहहयात अध्यक्ष करा. सगळे हात वर गेले. विरोधात कोण आहे, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. आम्ही ते प्रेमाने केलं, पण आम्हा सगळ्यांचं तिथेच चुकलं. निवडणुका संपल्या आणि त्याला प्रश्न विचारणारं कोणी उरलं नाही. तो गाडीची काच अर्धीच खाली करून बोलायला लागला.

ठेक्यावरच्या पोरांना त्याने सभासद करून घेतलं नाही. धम्मरत्न तेव्हा ठेक्यावर होता. तो अर्ज घेऊन गेला तर जयसिंग म्हणाला, "तू कंपनीत पाहुणा आहेस रे. आज आहेस, उद्या नाहीस." त्याच रांगेत मागे माझा रविराज उभा होता. माझ्या मित्राच्या युनियनने माझाच मुलगा परत पाठवला. रविराजचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही.

पर्मनंट माणसं पैसे घेऊन घरी बसत गेली, ठेक्यावरची वाढत गेली. एका सकाळी पहिल्या शिफ्टला धम्मरत्नने आणि त्याच्या पोरांनी फलक खाली उतरवला. मग बाकीच्या गेटांवरचेही उतरले. आमच्या गेटचा भंगारात चालला होता. पत्रा जाड, म्हणून मी टेम्पोत घालून आणला आणि मागच्या खोलीवर टाकला. पावसाने अक्षरं जाऊ नयेत म्हणून नावाची बाजू आत ठेवली. त्या खोलीत कोण राहायला येणार आहे हे मला काय ठाऊक.

जयसिंग आला तो एक पिशवी घेऊन. बंगला कर्जात गेला होता आणि मुलं फोन उचलत नव्हती. खाटेवर पडलं की वर त्याला त्याचंच नाव दिसतं. मी म्हणालो, पत्रा उलटा करून टाकतो.

"राहू दे, ज्योती," तो म्हणाला. "इतकी वर्षं लोकांनी माना वर करून वाचलं. आता मी वाचतो."

रविराज त्याच्याशी बोलत नाही. सून करिष्मा त्याला ताट नेऊन देते, पण रविराज घरात नसेल तेव्हाच. दिवाळीनंतर रविराज मला म्हणाला, "आबा, तुम्ही आहात तोवर मी गप आहे. तुम्ही गेलात की याची पिशवी बाहेर." तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. हे सगळं लिहिणं त्यासाठीच.

तरी मागची खोली, मोरी आणि नळाचं पाणी यांच्या वापराचा हक्क जयसिंगला तहहयात राहील. त्याला बाहेर काढलं तर घर मिनलकडे जाईल. मिनल म्हणाली, "आबा, माझं नाव मधे घालू नका, दादा राखी बांधून घ्यायचा नाही." तरी घालतो. रविराज, बाळा, तुझं घर काढून घ्यायची मला हौस नाही. ती वेळ तू आणू नकोस. आणि हे कलम जयसिंगला वाचून दाखवू नये. तो खोली सोडून जाईल.

५. या कागदाप्रमाणे सगळं होतं की नाही हे धम्मरत्नने बघावं. वकील हसले. म्हणाले, ज्याने त्याला खाली ओढलं त्यालाच राखण करायला सांगता? मी म्हणालो, जयसिंगच्या बाजूची माणसं मी पाहिली आहेत, त्यातलं एक फिरकलं नाही. तरी त्याच्याकडे चाकणला जाताना धास्ती होती. धम्मरत्नने कागद वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"तहहयात? काका, परत?"

"या वेळी एका खोलीपुरतं," मी म्हणालो.

त्याने पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाला, सही करतो, पण माझी एक ओळ घाला. ती खाली घालत आहे. ही अट माझी नसून त्याची आहे, पण मला मान्य आहे.

६. मागच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला या घरात कोणी पाहुणा म्हणू नये.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचलं आणि त्यांच्या देखत सही केली.

ज्योतीराम केरबा गलांडे

साक्षीदार:
धम्मरत्न सोनकांबळे, राहणार चाकण
सुमनताई शेलार, शेजारी, राहणार मोशी

ठिकाण: मोशी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५