देह सोडून बाकी सगळे

खाली अंगठा नाही, सही करणार आहे. दुसरीपर्यंत शिकले आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा धाक नाही. धाक घालायला घरात उरलंय कोण? मी आणि माझी नात. तर शुद्धीत लिहिते की:

शिलाई मशीन नातीला. कुरकुरते, तेल घालावे, शिव्या घालू नयेत. भांडीकुंडी तिलाच. भिंतीवरचे बंद घड्याळ जावयाचे. तो कधी उगवलाच, तर त्याच्या हातात द्यावे.

माझा देह नातीला द्यावा, असे लिहिले होते. वकीलबाईंनी ते खोडले. म्हणाल्या, "आजी, देह ही मालमत्ता नाही, मृत्युपत्रात देता येत नाही. ताबा जवळच्या वारसाला, म्हणजे तुमच्या मुलाला." मुलगा म्हणजे आमचे नवाब. बाप गेला तेव्हाही फिरकले नाहीत.

हा कायदा मी भोगलाय. लेक गेली, तेव्हा शवागारात चादरीची कड लगेच ओळखली. इस्पितळाच्या चादरी मीच शिवायचे. आतली लेक मात्र मिळाली नाही. शवागारातला बाबू म्हणाला, "आई असाल, पण नवरा आधी. त्याची सही आणा." जावई परागंदा. मी बाकावर, तिची पोर माझ्या मांडीवर. शेवटी लेकीला बेवारस म्हणून त्यांनीच पुरले. कुठे, ते आजवर कोणी सांगितले नाही.

म्हणून आता घर. मुलाने येऊन माझा देह नातीला देण्याची सही केली, तर घर त्याचे. नाही आला, तर घर नातीचे.

नात भांडली. "मेल्यावर तुला काय कळणार गं आजी? घर राहू दे."

मला नाही कळणार. पण त्या बाकावर तू बसशील, ते आत्ताच कळतंय.

आईसाठी तो येणार नाही, घरासाठी धावत येईल. मग पोरीला मी मिळेन आणि डोक्यावरचे छप्पर जाईल. नाही आला, तर छप्पर राहील आणि मी तिच्या आईसारखीच बेवारस, कुठेतरी पुरलेली. दोन्ही तिच्या पदरात टाकणे माझ्या हातात नाही.

साक्षीदार: शेजारची दूधवाली. कोपऱ्यावरचा चावीवाला, तो म्हणाला, "आजी, एवढं कडू कशाला?" म्हटलं, तू सही कर. तारीख त्यानेच घातली आहे.

नातीची सही नाही. जिला मिळायचे तिची चालत नाही म्हणे. दाराबाहेर उभी आहे, हाक मारली तरी आत येत नाही.

ठिकाण: माझे घर. तूर्त माझेच.

(सही)