डोळ्यांना न झोंबणारं मीठ

३ मे
रोझलिन मला सोडून टूसॉनला बहिणीकडे का गेली, ते आज उमगलं. क्लोरीन. रोज संध्याकाळी अंगणातल्या पोहण्याच्या पूलमधून बाहेर यायची ती लाल डोळे घेऊन. म्हणायची, क्लोरीन झोंबतं. बायकोचं दुखणं नवऱ्याने मनावर घ्यायला हवं. संकल्प: पूल खाऱ्या पाण्याचा करायचा.

७ मे
खाऱ्या पाण्याचं यंत्र बसवलं. आता प्रश्न मिठाचा. स्वयंपाकाचं नको, त्यात आयोडीन. रोझलिनला समुद्र आवडतो, म्हणून जाडं समुद्री मीठ आणलं. उत्तम निर्णय.
शेजारचा डेल भिंतीवरून म्हणाला, अरे वेंडल, हे यंत्र त्या मिठाचंच क्लोरीन करतं, तुझी बायको काय त्याने परत येणार? डेलने आयुष्यभर टायर विकले. त्याला रसायनशास्त्र काय कळणार.

९ मे
मीठ विरघळेना. यंत्र दाखवतं, कमी आहे. आणखी ओतलं. उद्यापासून धीर धरायचा.

१० मे
सगळं एकदम विरघळलं. यंत्र म्हणतं, फार झालं, आणि बंद पडलं. तळाला तपकिरी डाग. मिठातच कचरा होता, त्याला मी काय करणार? जास्तीचं मीठ काढता येत नाही म्हणे, पाणीच काढावं लागतं. निम्मं सोडून दिलं. वाटेत रोझलिनचं लिंबाचं झाड होतं.

१४ मे
शेवटी पूलसाठीचंच मीठ आणलं. बारीक, शुद्ध, कशाची भेसळ नाही. पहिल्यापासून माझं हेच मत होतं. थोडं थोडं टाकून ब्रशने ढवळलं. पाणी इतकं नितळ की तळाचे डाग स्पष्ट दिसतात. लिंबाची पानं गळतायत. उन्हाळा.

१७ मे
तिला फोन केला. पूल खारा केलाय, येऊन बघ म्हटलं. मग म्हणाली, शनिवारी येते, तसंही शिलाई मशीन न्यायचंय. 'तसंही'वर विचार करायचा नाही. तिचे टॉवेल धुतले. घर खायला उठतं, पण हे तिला इतक्यात सांगायचं नाही. आधी पूल दाखवायचा.

२१ मे, शनिवार
आली. काठावर बसून पाण्यात हात घातला. मी मिठाची सगळी हकिकत सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाली, वेंडल, मला क्लोरीन कधी झोंबलंच नाही रे. पाण्यात रडलं की कुणाला दिसत नाही, म्हणून मी पोहायचे.
मी म्हटलं, बरं, पण आता या पाण्यात उतरून तर बघ.
मशीन गाडीपर्यंत मीच नेलं. जड आहे, तिला झेपत नाही.

२२ मे
तिचं रडणं मला इतकी वर्षं ऐकू कसं आलं नाही, यावर विचार केला. पूलच्या पंपाचा आवाज फार. बिनआवाजाचा पंप मिळतो, चौकशी करायची.
खात्री करून घ्यावी म्हणून दुपारी पंप बंद केला आणि काठावर बसलो. बराच वेळ बसलो. काहीच ऐकू आलं नाही.