तुझ्या नावाचं कार्ड

ताई,

तू घरातच डोळे मिटलेस, त्याला नऊ दिवस झाले. माझ्याकडे कागद नव्हते म्हणून बारा वर्षं तुझ्या आधार कार्डावर, तुझ्या नावानं मी कारखान्यात काजं-बटणं करतेय. "घे गं, नाव काय वापरून झिजतं?" म्हणाली होतीस.

सोमवारी माझ्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे, त्याच कार्डावर, तुझ्याच नावानं. तुझ्या मृत्यूची नोंद केली की कार्ड बंद. आणि नोंदीशिवाय तुझ्या लेकीला अनाथ मुलांची मदत नाही.

"मावशी, आईचा दाखला कधी आणायचा?" काल तिनं विचारलं.

"सोमवारनंतर, बाळा."

ऑपरेशन अवघड आहे म्हणतात. माझं बरंवाईट झालं, तर इस्पितळातून मृत्यूचा दाखला तुझ्याच नावानं निघेल. पोरीचं काम होईल.

काहीही झालं तरी तुझीच,
धाकटी