अक्काचा कापूर आणि अडीचची नोंद

४ जाने. ९५, बुध.

ज्वारीला थंडी मानवली, मला नाही. सकाळी दुकानाचं कुलूप उघडेना, बोटंच वळेनात.

केजचे स्वामी आले होते, लग्नं जुळवतात ते. आमच्या उज्ज्वलासाठी स्थळ. मुलगा महेश, बी.एस्सी., हवामानखात्यात पर्मनंट. नांदूरघाटच्या पुढं डोंगरमाथ्यावर पांढरी चौकी दिसते, तिथं ड्युटी. ड्युटीवरचा जोडीदार रजेवर, म्हणून त्याला खाली उतरता येत नाही. तर आपणच वर यावं असा निरोप. म्हणजे मुलीकडच्यांनी डोंगर चढून मुलगा बघायचा. सौ. म्हणाली, जग बदललंय. घरात केबल आल्यापासून तिचं जग रोज बदलतं.

नवल म्हणजे अक्का म्हणाली, मी पण येणार. थोरली बहीण असून लग्नाच्या बोलण्यात ती कधी बसत नाही. सासर सोडून माहेरी आली तेव्हापासून तसं तिनंच ठरवून घेतलंय.

८ जाने., रवि.

जाऊन आलो. कंबर अजून जीपमध्येच आहे.

निम्म्यावर जीप तापली. पुढं पायी. सौ. दर पाच पावलांवर बसायची, अक्का मात्र चपला हातात घेऊन सरसर. माथ्यावर वारा असा की टोपी धरू की धोतर, कळेना. उज्ज्वला हसत होती. खूप दिवसांनी तशी हसली.

चौकी म्हणजे दोन खोल्या, तारेचं कुंपण, पाऊस मोजायचं भांडं, वारा दाखवणारा कोंबडा. मधोमध चार पायांवर पांढरी पेटी, झडपांची, छोटं दार असलेली. मुलगा बरा. उंच, सावळा, ओठ फुटलेले थंडीनं. चहा स्वतः केला, साखर जास्त.

मी सहज विचारलं, तुरीचं खळं पुढच्या आठवड्यात करू का, आभाळ येईल का. म्हणाला, ते पुण्याला ठरवतात. आम्ही झालेलं तेवढं लिहितो. मनात म्हटलं, हवामानखात्याचा जावई करून मला एवढाही फायदा नाही.

पुढं आपणहून सांगितलं की वर्षा-दोन वर्षांत इथं आपोआप नोंद करणारं यंत्र बसेल असं बोललं जातं. मग माणूस लागणार नाही, बदली कुठंही होईल, राजस्थानातसुद्धा. आम्ही विचारलं नव्हतं. स्थळ दाखवताना असं कोण सांगतं? आमच्याकडं जावई दाखवताना मामाची जमीनसुद्धा मुलाच्या नावावर असते.

तेवढ्यात कापराचा वास. बाहेर येऊन बघतो तर अक्का पांढऱ्या पेटीपुढं हात जोडून. तिला ती महादेवाची देवळी वाटली. दाराला भस्माचे पट्टे ओढलेले, झडपेत उदबत्त्या खोचलेल्या, आत पेटता कापूर, पायाशी फोडलेला नारळ. आत थर्मामीटर असतात हे तिला कोण सांगणार. महेश धावला. वाटलं, आता ओरडतो. पण कापूर बाहेर काढला, अक्काच्या हातून खोबरं घेतलं, खाल्लं, आणि मग हळू सांगितलं की ही पेटी ऊन-थंडी मोजायची आहे. अक्का पदर तोंडाला लावून खाली बसली.

अडीचच्या नोंदीची वेळ आली. कापरानं पारा चढलेला. म्हटलं, महेशराव, सकाळचा आकडा बघून अंदाजानं टाका की एखादा. पुण्याहून कोण यायलंय बघायला?

तो म्हणाला, “काका, दिसलं न्हाई ते कसं लिहू?”

रकान्यात रेघ ओढली. शेऱ्यात लिहिलं, पाहुण्यांच्या पूजेमुळे नोंद घेता आली नाही. माझ्यासमोर. वरून विचारणा आली तर उत्तर द्यावं लागेल, तेही बोलला. मला राग आला, अजून आहे. सासरा होऊ घातलेला माणूस एक आकडा मागतो आणि हा रेघ ओढतो.

९ जाने., सोम.

दुकानात लक्ष नाही. शाम्पूच्या पुड्यांची माळ मागितली त्याला मेणबत्त्या दिल्या.

मी किराणावाला माणूस. किलोवर चिमूटभर पडल्याशिवाय माझा तराजू खाली येत नाही. माणसानं असं झुकतं असावं. इतका ताठ मुलगा माझ्या लेकीला काय सांभाळणार? स्वामींना सांगितलं, जमेलसं दिसत नाही. सौ. म्हणाली, मुलीला विचारलंत का?

नाही विचारलं.

१२ जाने., गुरु.

दुपारी अक्का तीळ निवडत होती. तिला हसवावं म्हणून म्हटलं, अक्का, तुझ्या महादेवानं लग्न मोडलं. ती हसली नाही.

“माज्या सासरहून दर महिन्याला कार्ड यायचं, आठवतंय का? समदं खुशाल हाय म्हणून. तूच आईला वाचून दाखवायचास. मी तिथं उपाशी निजत होते.”

सूप चालूच होतं.

“त्या पोरानं पाहुण्यासमोर खोटा आकडा लिहिला न्हाई. आपली पोर तिथं रडली तर तो खुशाल हाय म्हणून कळवणार न्हाई. मला एवढंच कळतंय.”

आई ते कार्ड दोनदा वाचायला लावायची. मग डोळे मिटून हात जोडायची. अक्काला हे कधी सांगितलेलं नाही. आजही नाही सांगितलं.

१४ जाने., शनि. संक्रांत

उज्ज्वलाला विचारलं. तिळगूळ तोंडात असताना, म्हणजे लगेच भांडणार नाही.

म्हणाली, मुलगा नापसंत नाही. पण आण्णा, तिथं दुसरं घर नाही, बाई नाही, पाणी खालून येतं. मी त्याला विचारलं करमतं का. तो म्हणाला, पावसाळ्यात करमतं, उन्हाळ्यात नाही. “मला एकदा उन्हाळ्यात बघायचंय, मग सांगते.”

उन्हाळ्यापर्यंत कोण थांबतं? सौ. कपाळाला हात लावून बसली. असली स्थळं काय झाडाला लागतात, म्हणाली. तिचंही खरं आहे. मला मात्र पोरीचा राग आला नाही. भीती वाटली.

१६ जाने., सोम.

स्वामींनी माझा नकार अजून तिकडं पोचवलेला नाही. आता त्यांच्याकरवी नको, स्वतःच मुलाच्या वडलांना कळवावं म्हणून कार्ड घेऊन बसलो. सवयीनं हातानं आधी “इकडील सर्व खुशाल” लिहून टाकलं.

मग थांबलो. सौ. सकाळपासून बोलत नाही. उज्ज्वला भांडी आपटते आहे. अक्का एकादशी नसताना जेवली नाही.

ते कार्ड फाडलं. दुसरं घेतलं. लिहिलं, मुलगी विचार करते आहे. मीही. पुढं सुचेना. उज्ज्वलाला हाक मारून वाचून दाखवलं. तिनं कार्ड हातात घेतलं, खूप वेळ बघितलं.

“‘मीही’ तेवढं राहू द्या, आण्णा,” म्हणाली.

कार्ड अजून गल्ल्यावरच आहे.