दरबाराचं चित्र

मंगळवार, १४ फेब्रुवारी १९६१, भिलाई

आज वसंताच्या क्वार्टरात ते चित्र पाहिलं, तेव्हापासून जीव जळून राहिला आहे. आमच्या पोलाद कारखान्यातल्या रशियन साहेबानं मायदेशी परत जाताना त्याले दिलं. कोण्या विलायती कारागिराचं जुनं छापील चित्र आहे. बादशहाचा दरबार, अन् समोर नजराणा घेऊन वाकलेला परदेशी पाहुणा. गालिच्याची एकेक रेघ केसाएवढी बारीक. ड्रॉइंग ऑफिसात दिवसभर रेघा मी ओढतो, वसंता तर स्टोअरात आहे! त्याले त्या रेघांतलं काय समजते? कॅलेंडरच्या खिळ्याले टांगलं त्यानं. साहेबाले हिंदी कोणी शिकवली? मी. मग चित्र त्याले कावून?

शेवटी विचारलंच. वसंता चहा ओतत म्हणाला, "अरे, साहेब तुलेच देणार होते. निरोपाच्या दिवशी लई वाट पाहिली, तू आलाच नाहीस. आता घेऊन जा."

गेलो नव्हतो, कारण साहेबाले हार घालायले वसंताले निवडलं होतं, अन् मी रुसून घरी बसलो होतो. हे त्याले कोणत्या तोंडानं सांगू?

"आमच्या घरी जागा नाही," म्हणालो अन् उठलो.

तो फाटकापर्यंत सोडायले आला. तो इतका चांगला नसता, तर मले बरं वाटलं असतं.