धुळ्याची प्रत आणि आपलं विरजण

आई, आज आधी तुलाच लिहायला बसले. कॉम्प्युटरचं काही सांगू लागले की तू हसून भाकरीकडे वळायचीस, पण आज ऐकच.

सकाळी आमच्या जळगावच्या हॉस्पिटलचा सर्व्हर बंद पडला. रुग्णांच्या साऱ्या नोंदी त्यात. त्यांची हुबेहूब प्रत धुळ्याच्या शाखेत असते, ती चालू करायची, एवढंच माझं काम. इकडे एका बाईंना ऑपरेशनला न्यायची तयारी झालेली. साहेब डोक्यावर उभे. "मॅडम, नावं तीच, नंबर तेच. करा ना चालू!" मी करणारच होते. सवयीने एक छोटा प्रोग्रॅम चालवून धुळ्याच्या डेटाबेसचा आणि आमच्या शेवटच्या बॅकअपचा रिकव्हरी क्रमांक वाचला. जुन्या बॅकअपवरून डेटाबेस पुन्हा उभा केला की हा क्रमांक बदलतो, आणि तिथून पुढे त्याची वाट वेगळी. दोन्ही क्रमांक जुळायलाच हवे होते. जुळले नाहीत. पुन्हा वाचले, तरी तेच. धुळ्याला कोणीतरी मध्येच जुना बॅकअप चढवला होता आणि चकार शब्दही काढला नव्हता! धुळ्याच्या प्रतीत त्या बाईंची माहिती उघडली. ॲलर्जीचा रकाना कोरा. मग आमचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उभा करून तेच पाहिलं, तर तिथे लाल अक्षरांत भुलीच्या औषधाचं नाव. साहेबांनी लगेच ऑपरेशन थिएटरला फोन लावला. मी धुळ्याची प्रत बंदच ठेवली.

तेव्हा शिंदखेड्याचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू मावशीकडे गेलीस, मी सगळं दही फस्त केलं आणि शेजारच्या अक्कांकडून विरजण आणून आपल्याच गाडग्यात लावलं. तू येतेस, बोट चाटतेस. "हाई आपलं नई शे. कोठेन आनं व माय?" मी म्हणते, कुठून म्हणजे? दूध आपलं, गाडगं आपलं! "पन विरजन दुसरानं शे ना," म्हणत तू माझा कान पिरगळतेस. एवढ्याशा दह्यासाठी? मी दोन दिवस फुगून बसले होते. मग तू मावशीला दिलेलं आपलं विरजण तिच्याकडून परत आणलंस, आणि माझ्या लग्नात त्याचीच डबी मला दिलीस.

त्या बाई सुखरूप आहेत. मी घरी आले तर लेकीने दह्याची वाटी पुढे केली. "आजीचं ना?" ती नेहमी विचारते. आजही मी हो म्हणाले. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहून टाकते: तू गेल्यावर मधे कधी ते विरजण संपलं का, शेजारून आणलं का, मला खरंच आठवत नाही. माझ्या जिभेला कळत नाही, आई, आणि दह्याला क्रमांक नसतो. चाखून सांगायला आज तू हवी होतीस.