केळथरच्या पाण्यातली पावसेंची जागा

मी, उत्कर्षा हिराजी पावसे, वय एकोणतीस, अविवाहित, मूळ गाव केळथर, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड, सध्या राहणार वाघोली, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून भरीसही घातलेले नाही. खरे तर या घरात गोड किंवा कडू बोलायला बरेच दिवस कोणी आलेलेच नव्हते.

येत्या बुधवारी माझ्या हृदयाच्या एका झडपेवर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "या वयात मृत्युपत्र कशाला? शंभरात नव्याण्णव जण चालत घरी जातात." मी विचारले, "आणि उरलेला एक?" त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. हे त्या एकासाठी आहे.

माझ्याकडे सांगण्यासारखी मिळकत एकच आहे आणि वकिलांच्या मते ती मिळकतच नाही. ती म्हणजे केळथरच्या समुद्रातली आमच्या घराची मासेमारीची जागा. तिच्याबद्दल कलम ६ मध्ये लिहिले आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी तेवढेच वाचले तरी चालेल, पण आधीची कलमे रद्द समजू नयेत.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील श्री. गोपाळकृष्ण आगाशे यांनी करावी. त्यांनी माझ्या मसुद्यातून जागोजागी "शक्य असल्यास" आणि "कोणाची हरकत नसल्यास" हे शब्द काढले. "बाई, मेल्यावर तरी ठामपणे बोला," असे ते म्हणाले. मी प्रयत्न करत आहे.

कलम २. वाघोलीच्या भाड्याच्या घरातील वस्तू. फ्रिज माझा आहे, गीझर घरमालकांचा आहे. तो मी आले तेव्हापासून गळतो, माझ्यामुळे नाही. डबेवाल्या काकूंचे दोन डबे ओट्याखाली धुऊन ठेवले आहेत, त्यातल्या एकाचे झाकण बदललेले आहे, ते माझ्या हातून हरवले होते. फ्रिज, गॅसची शेगडी आणि पुस्तके वरच्या मजल्यावरच्या श्रीमती नीरजा लेले यांना द्यावीत. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. आमची ओळख जिन्यातली. साक्षीदार व्हाल का, असे विचारायला मी गेले, तेव्हा त्या दारातच म्हणाल्या, "तुमच्याआधी मी मरायचं नाही अशी अट आहे का? माझं वय बघून विचारताय ना?" मी माफी मागून जिना उतरू लागले. वरून आवाज आला, "अहो, नाही म्हटलंय का मी? आणि शस्त्रक्रियेला बरोबर कोण आहे?" मी म्हणाले, कोणी नाही. "हं," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतले. त्या साक्षीदार असल्याने त्यांना काही देऊ नये, असे वकिलांनी नंतर सांगितले. म्हणून हे कलम बदलते: या वस्तू डबेवाल्या काकूंना द्याव्यात. पुस्तके नीरजाबाईंनी मी जिवंत असतानाच नेली आहेत. "मेल्यावर धूळ कोण पुसणार?" असे त्यांचे कारण होते.

कलम ३. बँकेतील सर्व शिल्लक माझी आत्या श्रीमती मैना हिला द्यावी. माझी पहिली शाळा म्हणजे आत्या आणि बाबा. पावसाळ्यात खाडीपलीकडच्या शाळेत जाता येत नसे, म्हणून अक्षरे बाबांनी उलट्या घातलेल्या होडीच्या बुडावर कोळशाने शिकवली आणि वजाबाकी आत्याने वलांडीवर शिकवली. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूंची चौकट. "कावळ्यानं तीन नेले, मांजरीनं एक, सांग आता विकू काय?" खऱ्या शाळेत बाईंनी मला पहिल्याच दिवशी दुसरीत बसवले, तेव्हा आत्या बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत होती आणि मासे तोलायचे विसरत होती. हे पैसे तिने देवळाच्या वर्गणीत घालू नयेत. ती घालेलच.

कलम ४. जाळे विणायची लाकडी सुई, बाबांचे मेणकापड आणि माळ्यावरचे डोल जाळे आत्याच्या घरीच राहावे. होडीत आत्याने कोंबड्या ठेवल्या आहेत. त्यांना उठवू नये.

कलम ५. माझ्या अस्थी केळथरलाच न्याव्यात. बाबा पुण्यात, ऐन पावसाळ्यात वारले. ताम्हिणी घाट दरड कोसळल्याने बंद होता, नातलगांनी फोनवरून सांगितले की थांबू नकोस. म्हणून त्यांच्या अस्थी इथल्या संगमावर सोडल्या. घरी येऊन नकाशा पाहिला. इथले पाणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. जन्मभर सूर्य पाण्यात बुडताना पाहिलेला माणूस, सूर्य जिथे पाण्यात बुडत नाही अशा समुद्राकडे पाठवला गेला. यात कोणाचाही दोष नाही. पण माझ्या वेळी घाट बंद असेल, तर उघडेपर्यंत थांबावे. मला घाई नसेल.

कलम ६. जागा.

आमच्याकडे किनाऱ्याजवळच डोल जाळ्याची मासेमारी चालते. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे, त्यांना जाळे बांधायचे, तोंड भरतीच्या दिशेला. पाण्याची ओढ मासळी आत आणते. कोणाचा खुंट कुठे, हे पिढ्यांपासून ठरलेले आहे. त्याला सातबारा नाही, गावकीची रीत आहे. घर आहे तोवर जागा आहे. पण एखाद्या घराने लागोपाठ दोन मोसम खुंट लावला नाही, आणि तिसऱ्या मोसमातही दिवाळीच्या आत लावला नाही, तर गावकी ती जागा दुसऱ्याला देते. लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या घरची धरतात, म्हणून आत्याचे नाव चालत नाही. माझे चालते. लग्न न होण्याचा एवढा एक फायदा मला आजवर सापडला आहे. बाबा आजारी पडून पुण्यात आले त्या वर्षापासून आमचा खुंट लागलेला नाही. हा तिसरा मोसम आहे. दिवाळी पुढच्या आठवड्यात आहे.

आता जुने वैर लिहिणे भाग आहे. आमच्या शेजारची जागा श्री. कमळाकर चोगले यांची. मी लहान असताना दिवाळीनंतर उत्तरेचा वारा सुटला की पाणी गार व्हायचे आणि बोंबील किनाऱ्यापर्यंत यायचा. बाबा होडीतून पाण्यात हात बुडवून बसत, मग म्हणत, "आलं." पुढे पुढे पौष उजाडला तरी ते म्हणेनात. पाणी कोमटच राही, जाळ्यात बोंबलाऐवजी जेलीफिशचा चिकट लगदा येई, त्याने हात चरचरत. बांगडा भलत्याच महिन्यात येई आणि तारली वाट बघूनही येत नसे. एका वर्षी बाबांनी गावकीला न विचारता आमचा खुंट बाहेर, खोल पाण्यात नेला. तिथे पाणी गार होते. ते बरोबर होते, पण नवी जागा चोगल्यांच्या जाळ्याच्या तोंडासमोर होती. त्यांची ओढ तुटली. त्यांनी आमच्या जाळ्याचा दोर कापला, आणि बाबांनी खुंट पुन्हा जुन्या जागी आणला. त्यानंतर पावसे चोगल्यांशी बोलले नाहीत, लग्नात नाही, मयतीत नाही.

येरवड्याच्या ऑफिसात माझे काम समुद्राच्या तापमानाचे नकाशे तपासण्याचे आहे. उपग्रहाकडून आलेले चौकोन, गार ते निळे, तापलेले ते लाल. शेवटच्या महिन्यांत बाबा माझ्या पलंगावर पडून लॅपटॉपकडे बघत. "आपली जागा कुठल्या रंगात हाय गो?" मी सांगितले, आपली जागा राखाडी आहे. किनाऱ्याला इतकी चिकटून आहे की तो चौकोन जमिनीतच धरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाथरूमातल्या बादलीत हात बुडवून बसले होते. "हे पाणी कुठनं येतं?" टँकरने, मी म्हणाले. "मग याला ओढ नाय," म्हणाले आणि हात पुसला.

ते गेल्यापासून तो राखाडी चौकोन मी रोज उघडते. त्यात बघण्यासारखे काही नसते. ऑफिसात कोणी विचारले, तर तपासते आहे असे सांगते.

म्हणून मसुद्यात मी असे लिहिले होते: आमची जागा श्री. कमळाकर चोगले यांना द्यावी. गावात अजून किनाऱ्याजवळ डोल लावणारे तेच उरले आहेत, बाकीच्यांनी मोठ्या यांत्रिक होड्या घेतल्या. वकील म्हणाले, "समुद्र मृत्युपत्राने देता येत नाही." मी म्हणाले, निदान इच्छा म्हणून लिहा. मग निदान त्यांना कळवावे म्हणून फोन केला.

"काका, मी हिराजींची उत्कर्षा. पुण्याहून."

"वळखलं. आवाज बापसासारखाच हाय, भांडायला आल्यासारका. बोल."

"आमची जागा तुमच्या नावाने लिहून देते आहे. मृत्युपत्रात."

"कोण मेलं?"

"कोणी नाही अजून."

मी शस्त्रक्रियेचे सांगितले.

"बग गो बाय," ते म्हणाले, "मेलेल्याची जागा घ्यायची असती तर तुज्या बापसाचीच घेतली असती. दोन वर्सं पडून व्हती. घेतली काय मी?"

"नाही."

"मंग आता तू मरायची वाट बगत बसू? लोकं बोलतील, कमळ्यानं पोरीच्या छातीत खुंट ठोकला."

"पण दिवाळीच्या आत कोणीतरी लावायला हवा ना? डॉक्टर मला घाट उतरू देत नाहीत. माझं दुसरं कोणी नाही, काका."

"मंग मला सांग ना."

"सांगतेच आहे."

"तसं नाय. रीतीनं सांग. तोंडानं."

ही रीत मला माहीत होती. घरातल्या माणसाला जमत नसेल, तर ते घर दुसऱ्या नाखव्याला खुंट लावायला सांगू शकते. जिवंत माणसाने, तोंडाने, घराचे नाव घेऊन. ज्याला सांगितले त्याला त्यातून काही मिळत नाही, जागा घराचीच राहते. पण पावसे चोगल्यांना काही सांगतील, हे माझ्या मनातही आले नव्हते. लिहून देणे मला सोपे वाटले होते.

मी म्हणाले, "कमळाकरकाका, पावसेंचा खुंट तुम्ही लावा."

"लावतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

काल शनिवारी ते एसटीने पुण्याला आले. आत्याने दिलेला सुका जवळा माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी खिडकीतून समोरच्या इमारती पाहिल्या. "हितं दिशा कशी कळते?" विचारले. मी पश्चिम दाखवली. मग मी विचारले, खुंट आमच्या जुन्या जागीच लावला ना?

"जुन्या जागी काय हाय? कोमट पाणी. बापसानं नेला व्हता तितं लावला. बाहेर."

"मग तुमच्या जाळ्याला ओढ कशी मिळणार?"

"मी माजा उपटला नि दक्षिणेला नेला." मग म्हणाले, "तुजा बापूस असता तर नसता नेला हां. तेवडं ध्यानात ठेव."

नीरजाबाई तेवढ्यात चहा घेऊन खाली आल्या होत्या. म्हणाल्या, "दुसरा साक्षीदार मिळाला की नाही? का मीच दोनदा सही करू?" काकांनी मला विचारले, "यात मला काय मिळतं काय?" मी म्हणाले, आता काही नाही. "मंग करतो सही. उद्याच्याला हाय मी. वापस जायला गाडी दुपारची हाय."

सबब, केळथरच्या पाण्यातली पावसेंची जागा मी या मृत्युपत्राने कोणालाही देत नाही, कारण ती रिकामी नाही. मी बुधवारी वाचले नाही, तर गावकीने रीतीप्रमाणे ठरवावे. श्री. चोगले यांनी मी तोंडाने सांगितलेले काम केले आहे, त्यांच्यावर कोणी जागा बळकावल्याचा आळ घेऊ नये. मी वाचले, तर उत्तरेचा वारा सुटल्यावर जाळे मी आत्याच्या माळ्यावरून स्वतः काढीन. मृत्युपत्रात "वाचले तर" लिहीत नाहीत, असे वकिलांचे म्हणणे आहे. मी लिहिले आहे आणि ते खोडू दिलेले नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे मी वाचून, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवून, त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: वाघोली, पुणे
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५, रविवार

(सही) उत्कर्षा हिराजी पावसे

साक्षीदार १: (सही) नीरजा श्रीधर लेले, वाघोली, पुणे. बुधवारी रुग्णालयात मी बरोबर जाणार आहे, याचीही नोंद घ्यावी.

साक्षीदार २: (सही) कमळाकर लक्षुमण चोगले, केळथर बंदर. पावशांचा खुंट लागला हाय. मी लावला.